बचत जमा झाली कुठल्या खात्यात?

प्रति,
मा. महापालिका आयुक्त
मा. अध्यक्ष, स्थायी समिती
सुरत महानगरपालिका, मुगलीसरा, सुरत



स्थायी समितीत कामं मंजूर होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक ठरलेलं वाक्य येतं. अमुक रस्त्याचं, तमुक गटारलाइनचं काम अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के कमी दराने गेलं, पालिकेची इतक्या लाखांची बचत झाली. वर्षभरातली अशी कात्रणं जमवली तर बेरीज डोळे दिपवणारी होईल. माझा प्रश्न त्या बेरजेबद्दल आहे. पैसे वाचले असतील, तर ते जमा झाले कुठल्या खात्यात?

यात आरोप नाही. मी निविदा भरून देण्याचा धंदा करतो. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम भागातले छोटे ठेकेदार आणि पुरवठादार माझ्याकडे येतात. त्यातले पुष्कळ जण धुळे, जळगाव, नंदुरबारकडून इथे येऊन स्थिरावलेल्या घरांतले. त्यांची डिजिटल सही, अनुभवाचे दाखले, बयाणा रक्कम सगळं जुळवून निविदा अपलोड करायची, काम मिळालं तर पुढे बिलंही बनवायची, हे माझं काम. म्हणजे ई-निविदेवरच माझं पोट आहे. ती बंद पडावी असं मी कशाला म्हणू?

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण पालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा सात माध्यमांतून चालतात आणि त्यांत मराठीही आहे. मुगलीसऱ्यात ही भाषा परकी नाही. शिवाय आपला कारभार ज्या कायद्याने चालतो तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. पुणे, ठाणे, नाशिकचा कारभारही मुळात त्याच कायद्यावर उभा आहे, फक्त राज्यागणिक त्याचं नाव बदललं. म्हणून इथे विचारलेलं तिकडचा वाचक आपल्या पालिकेलाही विचारू शकेल.

आधी या पद्धतीने जे दिलं ते मान्य करतो. कागदी निविदांच्या काळात कोरा फॉर्म कार्यालयातून विकत घ्यावा लागे. फॉर्म कोणी नेला हे तासाभरात सगळ्यांना कळे, आणि तो भरून पेटीपर्यंत पोचवायच्या आत वाटेत कोणीतरी हमखास भेटे. "यंदा राहू द्या, पुढचं तुमचं." नाही ऐकलं तर पेटीजवळ चार पोरं उभी असत. गुजरातेत भरूचच्या जीएनएफसीच्या एनकोड विभागाने एनप्रोक्योर हे पोर्टल उभं केलं आणि ही वाटेतली भेट संपली. (खत बनवणाऱ्या कंपनीने निविदांची पेटी बांधावी, हे फक्त गुजरातलाच सुचू शकतं.) पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राचं जेम हे खरेदीचं पोर्टल आलं आणि खुर्च्या, संगणक, झाडू असली किरकोळ खरेदीही पडद्यावर गेली. ज्याच्या मागे कोणी उभं नाही असा माणूस निविदा भरू शकतो, हा बदल लहान नाही. पण दार उघडलं म्हणजे घरात पैसा आला असं होत नाही.

आपण बचत कशाला म्हणतो ते पाहा. अंदाजपत्रकातून सर्वांत कमी निविदेची रक्कम वजा केली की बचत. पण अंदाजपत्रक कोणी केलं? पालिकेच्याच अभियंत्याने, दरसूची पुढ्यात ठेवून. दरसूची जुनी झाली असेल आणि मधल्या काळात लोखंड, डांबर उतरलं असेल, तर सगळ्या निविदा आपोआप खाली जातात. भाव चढले की त्याच निविदा वर जातात. यात पोर्टलचं कर्तृत्व कुठलं? आणि अंदाजच पंधरा टक्के फुगलेला असेल, तर निविदा पंधरा टक्के खाली जाऊनही पालिकेचं जवळजवळ काहीच वाचलेलं नसतं. बातमी मात्र पंधरा टक्क्यांची होते.

आता हा "टक्का" ठरतो कसा, ते माझ्या टेबलावरून सांगतो. शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी सहाची, घड्याळात पावणेसहा. संगणकाला डिजिटल सहीचं टोकन लावलेलं, टेक्निकल बिडची कागदपत्रं चढलेली, उरला फक्त दर. निविदा टक्केवारीची, म्हणजे खोदाई, पाइप, चेंबर, खडीकरण, प्रत्येक बाबीचा दर पालिकेने आधीच लिहिलेला. ठेकेदाराने एकच आकडा टाकायचा, किती टक्के वर किंवा किती टक्के खाली. तो क्वारीवाल्याला फोन लावून खडीचा भाव विचारतो, मुकादमाला मजुरी विचारतो, कागदावर काहीतरी गुणाकार करतो. मग कागद बाजूला सारून मला विचारतो, "भाऊ, मागच्या टायमाला हे केवढ्याला गेलं होतं?" मी सांगतो, बावीस बिलो. "मंग पंचवीस टाक."

हे पंचवीस खडीच्या भावातून आलेलं नाही आणि मजुरीतूनही नाही. जेसीबीचा हप्ता चालू आहे, माणसं बसून आहेत, पावसाळ्याआधी एखादं काम हातात हवं, म्हणून पंचवीस. उरलेला हिशेब त्याच्या डोक्यात असतो: खोदताना काही ना काही निघेल, एक्स्ट्रा आयटम होईल, परिमाण वाढेल. नाहीच वाढलं तर खडीचा थर थोडा पातळ पडेल. हे तो बोलत नाही, पण बिलं माझ्याकडेच येतात.

समजा, अंदाजपत्रक १ कोटीचं होतं आणि काम ७५ लाखांना गेलं. बातमी २५ लाखांची झाली. पुढे जादा बाबी आणि वाढीव परिमाणं मिळून शेवटचं बिल ९४ लाखांचं झालं. म्हणजे वाचले ६ लाख. आणि जो रस्ता पाच वर्षं चालायला हवा होता तो तिसऱ्याच वर्षी, दोष दायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करून द्यायची, मुदत संपल्यावर महिनाभरात उखडला, तर हे ६ लाखही गेले आणि वर नव्या निविदेची जाहिरात आली. मधल्या काळात २५ लाखांची बातमी कोणी मागे घेत नाही. शेवटच्या बिलाची बातमी होतच नाही.

ही फसगत फक्त आपली नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली सर पीटर गर्शन यांनी सरकारी खर्चाची छाननी केली आणि २००७-०८ पर्यंत वर्षाला २१.५ अब्ज पौंडांची बचत करायची असं ठरलं. त्यात तिथल्या नगरपालिकांचाही वाटा होता आणि संगणकावरून खरेदी हा त्यातला लाडका उपाय होता. त्यांनी एक शहाणपण केलं: रोख हातात येणारी बचत वेगळी आणि वेळ वाचला, सोय झाली अशी बचत वेगळी, आणि एकूण बचतीत निदान ६० टक्के रोख हवी. बचतीचे आकडे भराभर येऊ लागले. मग २००७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ते तपासले. तोवर जाहीर झालेल्या १३.३ अब्ज पौंडांपैकी ३.५ अब्ज पौंड, म्हणजे साधारण चार पौंडांतला एक, विश्वासाने मानता येईल असा निघाला. निम्म्याच्या बाबतीत काम सुधारलं होतं, पण मोजणी डळमळीत होती. उरलेले ३.१ अब्ज बरेचसे चुकीचे असण्याची शक्यता. आपल्याकडे असं तपासलं तर काय निघेल, याचा अंदाज मी करणार नाही. पण आपण तपासलेलंच नाही, हे तरी मान्य करावं.

दुसरा दाखला आपल्याच देशातला आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. लुईस-फॉपेल, नेगर्स, ओल्केन आणि रोहिणी पांडे या चार अभ्यासकांनी भारत आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक कामांवर ई-निविदेचा काय परिणाम झाला ते पाहिलं. अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातली कामं होती प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचे रस्ते. ई-निविदेमुळे सरकारला कमी पैसे मोजावे लागले, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. भारतात रस्त्यांची प्रत मात्र सुधारली होती आणि इंडोनेशियात कामांचा उशीर कमी झाला होता. कारण? काम जिंकणाऱ्यांत त्या भागाबाहेरचे ठेकेदार वाढले आणि चांगलं काम करणारे आत आले. महोदय, याचा अर्थ असा की आपण पिशवी चुकीच्या ठिकाणी चाचपतो आहोत. ई-निविदेची कमाई दरपत्रकात दिसत नाही. ती रस्त्यावर, पाइपात, शाळेच्या छतावर दिसते, तीही दोन-तीन पावसाळे गेल्यावर. आपल्या नोंदी मात्र कार्यादेश निघाला की थांबतात.

आणि पोर्टल आहे म्हणून स्पर्धा झालीच, असं धरून चालणंही भाबडेपणाचं. मुंबई महापालिकेचं प्रकरण २०१४ मध्ये गाजलं. वॉर्डातल्या कामांच्या निविदा भरण्याची खिडकी अवेळी आणि थोडाच वेळ उघडी ठेवली जाई, ती वेळ ठरावीक ठेकेदारांनाच ठाऊक असे, असा ठपका आला आणि अभियंते निलंबित झाले. संगणक होता, सही डिजिटल होती, कागदोपत्री सगळं यथासांग. पुण्यात घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत कंपन्यांनी संगनमत करून नावापुरत्या निविदा भरल्या, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने मे २०१८ मध्ये काढला आणि दंड केला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, म्हणतात ते हेच. जातं विजेवर चालतं एवढाच फरक.

माझ्या धंद्यात तर हे रोजचं. "अजून दोन भरून दे, आपल्याच माणसांच्या नावाने," असं सांगणारे येतात. एक निविदा खरी, दोन तिला टेकू. तीन निविदा आल्या की स्पर्धा झाली असं फाइलवर लिहिता येतं. मी नाही म्हणतो; गिऱ्हाईक उठून शेजारच्याकडे जातं आणि तिथे काम होतं. वास्तविक कुठली निविदा कोणत्या जोडणीवरून चढली, किती वाजता चढली, याची नोंद पोर्टल ठेवतं. कागदी पेटीला हे कधीच जमलं नसतं. ई-निविदेतून मिळालेली सर्वांत किमती वस्तू ही नोंद आहे, आणि ती सर्व्हरवर पडून आहे. मुख्य लेखापरीक्षकांनी वर्षातून एकदा ती चाळली, कोणत्या दोन-तीन ठेकेदारांची नावं कायम एकत्र येतात आणि कायम कोण हरतो एवढंच काढलं, तरी टेकूवाले घाबरतील.

छोट्या माणसाबद्दल दोन शब्द. अटी अशा असतात की गेल्या तीन वर्षांत इतक्या कोटींची उलाढाल हवी, अशाच प्रकारचं इतक्या रकमेचं काम केलेलं हवं. मोठ्या कामाला ते ठीक. पण दहा छोटी कामं एकत्र बांधून एक मोठं केलं की उधन्याचा माणूस आपोआप बाहेर पडतो. मग भागाबाहेरचेच काय, भागातलेही उरत नाहीत. ऑनलाइन भरलेल्या निविदेची कागदी प्रत डिमांड ड्राफ्टसह पोस्टाने मागवायची पद्धतही कित्येक संस्थांत अजून आहे. डिजिटल सही, निविदा शुल्क, ड्राफ्टचं कमिशन, पोस्ट, माझी फी. दोन लाखांच्या पुरवठ्यासाठी नाकापेक्षा मोती जड होतो. म्हणून तो निविदा भरतच नाही, आणि आपली बचत होण्याआधीच बुडते.

त्याहून मोठं गळकं ठिकाण म्हणजे उशिरा मिळणारं बिल. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. हे व्याज मागायचं कोणी? ज्याला पुढची ऑर्डर नको असेल त्याने. माझ्या ओळखीच्या एका पुरवठादाराने एका नगरपालिकेला शाळेचे बाक दिले होते. बाक मुलांनी कोरून ठेवले, पाय निखळले, एकदा दुरुस्तीही झाली, तरी बिलाची फाइल टेबलांवरून फिरतच होती. पुढच्या निविदेत त्याने दर वाढवला आणि मला स्वच्छ सांगितलं, "हे त्यांच्या उशिराचं व्याज." म्हणजे व्याज नगरपालिकेने भरलंच, फक्त ते दरात दडलं होतं म्हणून कोणाला दिसलं नाही. वेळेवर पैसे देणाऱ्या संस्थेला बाजार स्वस्तात माल देतो. पोर्टल न बदलता, एक नवा रुपया न खर्चता करता येण्याजोगी बचत हीच असावी.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येतो. एखाद्या शीर्षाखाली १०० कोटींची तरतूद होती आणि कामं ८० कोटींना गेली, तर २० कोटींचं काय होतं? सुधारित अर्थसंकल्पात ते दुसऱ्या शीर्षाकडे वळतात, तिथे नवी कामं निघतात. यात गैर काही नाही. शहर वाढतं आहे, कामं संपत नाहीत. पण मग त्याला बचत म्हणू नका. "याच पैशांत अमुक तीन कामं जास्त झाली" असं म्हणा, आणि त्या कामांची नावं सांगा. कर्मचाऱ्यांच्या वेळेच्या बचतीचंही तसंच. निविदा उघडायला पूर्वी चार माणसं दिवसभर लागत, आता दोन तासांत उरकतं, हे खरं. ती चार माणसं पगारावर आहेतच, असायलाही हवीत. मग वाचलेल्या वेळात ती काय करतात? कामाच्या जागी जाऊन खडीचा थर मोजत असतील, तर ती बचत मी रोखीसारखीच मानेन.

सुरतेला हे कोणी शिकवायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसं हे शहर सोडून गेली. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त होऊन आले. त्यांनी अधिकारी केबिनमधून काढून रोज रस्त्यावर फिरवले, झोनच्या प्रमुखांच्या हाती अधिकार दिले आणि काम झालं का हे जागेवर पाहिल्याशिवाय झालं असं मानलं नाही. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळाला, त्याची मुळं तिथे आहेत. तीच शिस्त खरेदीला लावायची आहे.

मागणी फार नाही. प्रत्येक कामाचं शेवटचं बिल निघालं की त्याची एक ओळ पालिकेच्या संकेतस्थळावर यावी. मूळ अंदाजपत्रक किती होतं, किती निविदा आल्या आणि किती अपात्र ठरल्या, काम केवढ्याला दिलं, शेवटी केवढ्याला पडलं, जादा बाबी किती, मुदत कधीची होती आणि काम कधी पुरं झालं, बिल किती दिवसांनी दिलं, दोष दायित्वाच्या काळात दुरुस्ती किती वेळा करून घेतली. हे सगळं आपल्या फायलींत आहेच. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ हेच सांगतं, की कोणी मागण्याआधी स्वतःहून द्या. केंद्र सरकारने आपल्या खात्यांना एप्रिल २०१३ च्या सूचनांत खरेदीचे तपशीलही असेच उघड करायला सांगितले होते.

आणि एक तुलना. चेंबरचं एकाच मापाचं, एकाच प्रतीचं झाकण रांदेर झोन केवढ्याला घेतो, लिंबायत केवढ्याला, वराछा केवढ्याला? पाइप, पथदिवे, शाळेचे बाक, जंतुनाशक पावडर यांचंही तसंच. एकाच शहरात एकाच वर्षी एकाच वस्तूचे दर वेगळे निघाले, तर त्यातला फरक ही खरी वाचवता येणारी रक्कम. तिला अंदाजपत्रकाची गरजच नाही. स्थायी समितीच्या सभासदांनी पुढच्या बैठकीत एवढं एकच कोष्टक मागवावं.

शहरभर एकदम जमणार नसेल तर उधना झोनपासून सुरुवात करा. गेल्या तीन वर्षांत ज्या कामांची शेवटची बिलं निघाली ती घ्या आणि येत्या अर्थसंकल्पाच्या मसुद्याबरोबर त्यांचं एक पान जोडा. २५ टक्क्यांच्या जागी ४ टक्के आले तरी हरकत नाही, शून्य आले तरी छापा. जुन्या निविदा, बिलांच्या प्रती, मोजमापाचे तक्ते माझ्यासारख्या पुष्कळांच्या कपाटांत पडून आहेत. पालिकेने मागितले, तर ज्यांचे आहेत त्यांना विचारून आम्ही ते आणून देऊ.

कळावे,

आपला,
निविदा भरून देणारा एक उधनेकर